टोकदार चोचीचं पिचर, आणि सोबत गळ्यात मारलेली सुई

लाटे आर्ट, म्हणजे दूध ओतून कॉफीवर नक्षी काढायची, त्यासाठी घेतलेलं हे पिचर, दुधाचं चोचवालं भांडं. साडेतीनशे मिलीचं, स्टीलचं, वरून काळा रंग, चोच टोकदार. साडेबाराशे रुपये. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या कॉफी काउंटरवर सहाशे मिलीचं गोल चोचीचं पिचर आधीपासून आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वापरता आली. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घडणीची पिचर वेगवेगळे शिक्के मारून विकली जातात, तेव्हा नावापेक्षा चोच बघून घ्या.

गोल चोचीतून दूध पसरट पडतं. हार्ट किंवा ट्युलिपची नक्षी काढायची तर ते बरंच, पांढरा गोळा भरदार येतो आणि हात थोडा हलला तरी झाकून जातं. पण रोझेटा, म्हणजे बारीक पानापानांची नक्षी, काढायला बसलं की तिची मर्यादा कळते. कप आपल्याकडे तिरका धरायचा, चार बोटं उंचीवरून बारीक धार सोडायची म्हणजे दूध क्रेमाच्या (एस्प्रेसोवरच्या तपकिरी फेसाच्या) खाली जातं आणि वरचा तपकिरी रंग टिकतो. कप अर्धा भरला की चोच जवळजवळ कॉफीला टेकवायची आणि धार वाढवायची. आता दुधाचा फेस वर तरंगायला लागतो. मनगट डावी-उजवीकडे हलवत मागे सरायचं, आणि शेवटी पिचर उचलून पानांच्या मधोमध एक रेघ मारत पुढे जायचं. गोल चोचीतून ही रेघ जाड येते आणि जाताना अर्धी पानं ओढून नेते. नव्या पिचरमधून ती सुतासारखी पडते. पानं मोजता येतात! हंसाची मान तर मला गोल चोचीतून कधी धड जमलीच नाही, ती इथे येते.

पण टोकदार चोच माफ करत नाही. फेस जरा जाड झाला की त्या अरुंद खाचेतून दूध आधी निसटतं आणि फेस मागून गचकन पडतो. दूध कसं तापवलंय ते कपात लगेच दिसतं. वाफेची नळी पृष्ठभागाशी ठेवून हवा घ्यायची ती दूध कोमट होईपर्यंतच, नंतर नळी थोडी बुडवून नुसतं गरगर फिरवायचं. तळाला हात टेकवता येईनासा झाला की वाफ बंद. ५५ ते ६५ अंशांच्या मध्ये कुठेतरी आपण असतो. सत्तरच्या पुढे गेलं की दुधाला उकळल्याचा वास येतो आणि फेसही राठ होतो.

आणि दूध कुठलं, यावर कोल्हापुरात बोलावंच लागतं. इथे म्हशीच्या दुधाला नाव ठेवलं तर माणसं उठून जातील. म्हशीच्या फुल क्रीम पिशवीत ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, त्यातच प्रथिनं), गायीच्या दुधात साडेतीन आणि साडेआठ. फेस उभा राहतो तो प्रथिनांवर, फॅटमुळे त्याला मऊपणा आणि चव येते. माझं मत असं: फुल क्रीमचा हार्ट देखणा होतो आणि कॉफी गोड लागते, पण बारीक पानांना गायीचं दूध हवं, ते हलकं वाहतं. दोन्ही फ्रिजमधून काढून थेट वापरायची, कारण गार दुधात हवा घ्यायला वेळ मिळतो. सासूबाई अजून म्हणतात, “अगं, न तापवलेलं दूध गिऱ्हाइकाला देतीस?” पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं हे सांगून झालंय, पटलेलं नाही. घरी एकदा उकळलेलं दूध मात्र इथे चालत नाही. सायीचे कण नेमके त्या चोचीत अडकतात. तारीख संपत आलेली पिशवीही नको, नासलेली नसली तरी फेस चुरचुरत वर येतो आणि बसतो.

आता तक्रारी. बुडबुडे फोडायला पिचर ओट्यावर आपटावं लागतं, आणि या पिचरचा काळा रंग तळाच्या कडेला टवके उडून गेला. रंगाचे पैसे देऊ नका, साधं स्टील घ्या. चोचीच्या खाचेत दूध वाळतं, ते नुसत्या पाण्यानं निघत नाही, बारीक ब्रश लागतो. दोन कपांची ऑर्डर असेल तर साडेतीनशे मिली पुरत नाही, कारण दूध चोचीच्या बुडापर्यंतच भरायचं असतं.

सोबत स्टीलची एक सुई आली होती, लाटे आर्ट पेन म्हणे. टूथपिक तेच काम करतो. सुईनं कोरणं वाईट नाही, जागतिक लाटे आर्ट स्पर्धेतही नुसत्या ओतण्याचा आणि कोरून काढायच्या ‘डिझायनर’ लाटेचा असे वेगळे भाग असतात. शाळेतली पोरं “ताई, मोर काढा की!” म्हणतात तेव्हा मीही टूथपिक उचलते. पण कोरत बसलं की कॉफी गार होते. सिएटलच्या ‘एस्प्रेसो व्हिवाचे’ या कॉफीच्या दुकानाचे डेव्हिड शोमर यांनी अमेरिकेत रोझेटा रुजवली ती नुसत्या ओतण्यावर, आणि मला तीच जात आवडते.

कप गोल बुडाचा, रुंद तोंडाचा हवा. सरळ उभ्या काचेच्या ग्लासात हे पिचर वाया जातं. सरावाला दूध नासवू नका, पाण्यात भांडी धुवायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून वाफ द्या, फेस बऱ्यापैकी तसाच वाहतो.

घरी एस्प्रेसो मशीन असेल आणि हार्ट न चुकता येत असेल, तर जरूर घ्या. अजून हार्ट फाटत असेल तर आधी गोल चोचीचं. फिल्टर कॉफी किंवा मोका पॉट (गॅसवर ठेवायची कॉफीची किटली) वाल्यांनी यात पैसे घालू नयेत, तिथे क्रेमाच नसतो, नक्षी उठणार कशावर? मागवलंच तर पहिल्या दिवशी त्यातून साधं पाणी ओतून बघा. धार एका बाजूला वळत असेल तर चोच वाकडी आहे, परतीची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.