शेवटच्या तीन महिन्यांतली कंबरदुखी: कायरोप्रॅक्टर, फिजिओथेरपिस्ट की मालिश?

सातवा संपून आठवा लागला की अनेकींची रात्र कूस बदलण्यापाशी अडते. डावीकडून उजवीकडे वळताना जांघेत, नाहीतर कमरेच्या अगदी खालच्या खळग्यात अशी चमक येते की क्षणभर श्वास थांबतो. सकाळी एका पायावर उभं राहून सलवार चढवता येत नाही, स्कूटरवर पाय टाकवत नाही, जिन्याच्या चार पायऱ्याही नको वाटतात. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, कायरोप्रॅक्टरकडे (मणक्याच्या, कटीच्या सांध्यांना हाताने झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे) जा, एकदा कट्कन वाजलं की मोकळी होशील. कुणी मालिशवाल्या मावशींचा नंबर देतं. दवाखान्यात उत्तर मिळतं, ‘बाळ झालं की थांबेल.’ बहुतेकींचं थांबतंही, पण तोवरचे दहा-बारा आठवडे दात-ओठ खाऊन काढायची गरज नसते.

आमचं मत आधीच सांगतो. महाराष्ट्रात राहत असाल तर पहिली भेट गरोदरपणातल्या दुखण्यांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची घ्या. नीट शिकलेला आणि हलक्या हाताच्या पद्धती वापरणारा कायरोप्रॅक्टर हा दुसरा पर्याय. हलकी मालिश आराम म्हणून चालेल, पण तो उपचार नव्हे. हाडवैद्य, ‘हाड बसवून देणारे’ यांच्याकडे या दिवसांत मुळीच जाऊ नका.

आधी दुखणं ओळखा

दुखणं कमरेच्या पट्ट्याच्या वर असेल, बराच वेळ बसून किंवा वाकून वाढत असेल, तर ती साधी कंबरदुखी. पट्ट्याच्या खाली, माकडहाडाच्या वर डावी-उजवीकडे किंवा पुढे जांघेच्या मधोमध दुखत असेल, आणि चालताना, कूस बदलताना, एका पायावर भार येताना चमकत असेल, तर दुखणं कटीच्या सांध्यांचं. हे दुसरं दुखणं पाचांतल्या साधारण एका गरोदर बाईला होतं. जांघेच्या मधोमधच्या, म्हणजे पुढच्या सांध्यातली फट एरवी चार-पाच मिलिमीटरची असते. गरोदरपणात ती आणखी दोन-तीन मिलिमीटर वाढते आणि ते स्वाभाविकच आहे. म्हणून ‘हाड सरकलंय, बसवून देतो’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. हाड जागेवरच असतं. सैल सांध्यांना धरून ठेवण्याचं काम स्नायूंना नीट जमत नसतं, म्हणून दुखतं.

घरी एक चाचणी करता येते. पलंगावर उताणं झोपा, पण मिनिटभरच. एक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचला, मग दुसरा. एक पाय शिशासारखा जड वाटला तर घरातल्या कुणाला तरी दोन्ही खुब्यांवर तळवे ठेवून कटी दोन्ही बाजूंनी आत दाबायला सांगा, आणि तोच पाय पुन्हा उचला. आता तो हलका वाटला तर कटीला बांधायचा पट्टा आणि स्नायूंचे व्यायाम तुम्हाला लागू पडण्याची शक्यता चांगली आहे. चक्कर आली किंवा जीव घाबरा झाला तर लगेच कुशीवर व्हा. या महिन्यांत उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर येतो आणि रक्तदाब घसरतो.

कायरोप्रॅक्टरकडे काय होतं

ही पद्धत १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात सुरू केली. मणक्याच्या किंवा कटीच्या सांध्याला नेमक्या दिशेने झटका द्यायचा, हा तिचा गाभा. ‘कट्’ आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना. हाड जागेवर बसल्याची ती खूण नाही. त्यामुळे आवाज झाला नाही म्हणून उपचार फुकट गेला असंही नसतं.

शेवटच्या तिमाहीत जाणकार कायरोप्रॅक्टर झटक्याची जागा हलक्या पद्धतींना देतो. पोटासाठी जागा सोडलेल्या टेबलावर किंवा उशांच्या आधाराने पालथं झोपवतात. टेबलाचा कमरेखालचा भाग जरासा उचललेला असतो. हाताने दाब देताच तो खाली पडतो आणि झटक्याचं काम टेबलच करतं. दुसरी पद्धत पेनाएवढ्या, स्प्रिंगच्या छोट्या उपकरणाची: टिक् असा आवाज आणि बारीकसा ठोका. तिसरी म्हणजे गरोदर बायकांसाठी सर्वांत जास्त जाहिरात होते ती वेबस्टर पद्धत. यात पालथं झोपवून दोन्ही टाचा नितंबांकडे दुमडतात, जी बाजू जास्त अडते तिथे त्रिकास्थीला (कमरेखालच्या मागच्या त्रिकोणी हाडाला) हलका धक्का देतात आणि मग उताणं करून जांघेवरच्या गोल बंधनावर (गर्भाशयाला आधार देणाऱ्या दोरीसारख्या बंधावर) बोटांचा हलका दाब ठेवतात.

कुशीवर झोपवून वरचा पाय पुढे ओढून कंबर पिळणारा झटका मात्र आठव्या-नवव्या महिन्यात आम्हाला पटत नाही. पोटामुळे नेमकेपणा राहत नाही आणि वरचा पाय लांब गेल्याने पुढच्या सांध्यावर ताण येतो. जांघेच्या मधोमध दुखत असेल तर तो घेऊच नका. मानेला झटका तर कुठल्याच महिन्यात नको. मान पिळून झटका दिल्यावर मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. ती विरळ आहेत, पण तुमचं दुखणं कमरेचं असताना मानेला हात लावायचं कारणच काय?

खरी अडचण पद्धतीपेक्षा माणसाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण कायरोप्रॅक्टिक शिक्षणासाठी किमान ४,२०० तास आणि त्यात देखरेखीखालचे १,००० तासांचं प्रत्यक्ष काम अपेक्षित आहे. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे परदेशात पूर्ण पदवी घेतलेला आणि चार दिवसांची कार्यशाळा केलेला, दोघंही पाटीवर तोच शब्द लिहितात. फिजिओथेरपिस्टचं शिक्षण इंटर्नशिप धरून किमान साडेचार वर्षांचं असतं, आणि महाराष्ट्रात त्यांची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक मागा. तो सांगायला खळखळ करणाऱ्याकडे थांबू नका.

फिजिओथेरपिस्टकडे काय मिळायला हवं

पहिली भेट पाऊण तासाची असावी. पाय उचलण्याची वर सांगितलेली चाचणी, गुडघा वाकवून मांडीतून मागे दाब देण्याची चाचणी, चाल, उठ-बस हे सगळं पाहिलं पाहिजे. त्यानंतर तीन गोष्टी हातात पडायला हव्यात: हालचाली कशा करायच्या, व्यायाम कोणते आणि पट्टा लागेल का.

हालचालींचा भाग लोक हलक्यात घेतात, पण फरक सर्वांत लवकर इथे पडतो. कूस बदलताना गुडघ्यांत उशी दाबून धरा, गुडघे, कंबर आणि खांदे एकदम वळवा. रिक्षात किंवा गाडीत आधी आसनावर बूड टेका, मग दोन्ही पाय जोडून आत घ्या. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी, आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय. कपडे बसून घाला. उकिडवं बसून फरशी पुसल्याने बाळंतपण सोपं होतं असं घरात ऐकवतात. ज्यांच्या जांघेत चमक आहे त्यांनी ते सरळ नाकारावं, कारण एका पायावर भार टाकत पुढे सरकणं या सांध्यांना सर्वांत जास्त बोचतं.

व्यायाम मोजकेच: गुडघ्यांत उशी धरून पाच सेकंद दाबणं, दहा वेळा, हात-गुडघ्यांवर येऊन पाठ हळूच वर उचलणं, दहा वेळा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून पाच सेकंद धरणं, दहा वेळा. हे दिवसातून दोन-तीनदा. करताना चमक आली तर जोर निम्मा करा. तरीही आली तर तो व्यायाम सोडा.

पट्ट्याबाबत हमखास होणारी चूक म्हणजे बाळंतपणानंतरचा रुंद पोटपट्टा आणून तो पोटावर आवळणं. आपल्याला हवा तो अरुंद, कटीचा पट्टा. मागे दुखत असेल तर तो कटीच्या पुढच्या दोन टोकदार हाडांच्या जरा खाली, पुढे दुखत असेल तर आणखी खाली, खुब्यांच्या पातळीला. चालताना, स्वयंपाकाला उभं राहताना बांधा. बसताना, झोपताना काढा. आतून तळहात सरकला पाहिजे, इतपतच घट्ट.

फिजिओथेरपीतही घोटाळे होतात. काही ठिकाणी तपासणी न करताच छापील व्यायामांचा कागद देतात. त्याहून वाईट म्हणजे आल्या-आल्या ‘मशीन’ लावतात. शॉर्टवेव्ह डायथर्मी (लहरींनी आतून शेक देणारं यंत्र) आणि उपचाराचं अल्ट्रासाउंड गरोदर बाईच्या पोटा-कमरेला लावायचं नसतं. ‘मी आठव्यात आहे, मशीन नको’ हे स्वतःहून बोला.

पुरावा कुणाच्या बाजूने? वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ३४ वैद्यकीय चाचण्या आणि ५,१२१ गरोदर स्त्रिया होत्या. जमिनीवरच्या व्यायामांनी कंबरदुखी कमी होते असं त्यात दिसलं, पण पुरावा कमी दर्जाचा असल्याचा शेराही होता. हाताने केलेले उपचार, व्यायाम आणि समजावणं एकत्र दिल्यावर काहींना फायदा झाला. नुसत्या कायरोप्रॅक्टिकबद्दल ठाम बोलावं असं फार थोडं आहे. म्हणूनच आम्ही व्यायामाला पुढे ठेवतो. त्यातून शिकलेलं घरी रोज वापरता येतं. टेबलावरचा आराम मात्र अनेकदा दोन-तीन दिवसांत ओसरतो, आणि मग पुढची भेट, त्यापुढची भेट असं चालू राहतं.

मालिश

कुशीवर झोपून पाठीला, खांद्यांना कोमट तेलाने पंधरा-वीस मिनिटं हलका हात चालतो. झोप बरी लागते. पोट चोळून घेऊ नका. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा असेल तर ती पोटरी अजिबात चोळू देऊ नका. ती रक्ताची गाठ असू शकते, तडक दवाखाना गाठा.

गोळ्यांचं एकच सांगणं: घरातल्या कुणाची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका. या महिन्यांत त्यांचा बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. काय चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

बाळ पायाळू असेल तर

बाळ डोक्यावर येण्यासाठी वेबस्टर करून घ्या, असा सल्ला वरचेवर मिळतो. त्याने बाळ फिरतं हे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. २८ व्या आठवड्यात चार-पाचांतलं एक बाळ पायाळू असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उरतात. बाकीची आपली आपण फिरतात, आणि ते श्रेय मधल्या काळात जे केलं त्याला मिळतं. ३६ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डोकं वर दिसलं तर प्रसूतितज्ज्ञांना पोटावरून बाळ फिरवण्याबद्दल विचारा. पहिलटकरणीत ते ३६ व्या, नंतरच्या खेपेला ३७ व्या आठवड्यापासून करतात. सोनोग्राफी जवळ, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष आणि लागलंच तर शस्त्रक्रियेची सोय, अशा ठिकाणीच ते होतं. साधारण निम्म्या वेळा यश येतं. सगळीकडे ते करत नाहीत, म्हणून शोध लवकर सुरू करा. कायरोप्रॅक्टरच्या सहा बैठकांत त्यानंतरचे दोन आठवडे घालवले तर ती संधी हुकू शकते. घरी पोट दाबून, चोळून बाळ फिरवणं अतिशय घातक आहे. त्यात वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो.

कुणाकडेच न जाता आधी प्रसूतितज्ज्ञ

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, ठरावीक अंतराने येऊन जाणारी कंबरदुखी, तापासोबत कुशीत दुखणं, तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, लघवी अडणं किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, पाऊल लुळं पडणं, एका खुब्यावर भारच न टाकता येणं: यांतलं काहीही असेल तर वाट पाहू नका. वार खाली असल्याचं निदान झालेलं असेल, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील, तर डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय झटक्याचा कुठलाही उपचार नको.

तुम्ही कुठे आहात त्यावर

तालुक्याच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयातल्या भौतिकोपचार (फिजिओथेरपी) विभागात विचारा. दोन भेटींत हालचाली आणि व्यायाम शिकून बाकीचं घरी करता येतं. अमेरिकेत असाल तर चित्र थोडं वेगळं: तिथे कायरोप्रॅक्टरला राज्याचा परवाना लागतो आणि त्याची वेळ कधी कधी फिजिओथेरपिस्टच्या आधी मिळते. तशा वेळी आधी कायरोप्रॅक्टरकडे गेलात तर चूक नाही, फक्त मान नको आणि पिळणारा झटका नको हे पहिल्याच मिनिटाला सांगा. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरची नोंद जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या यादीत तपासता येते.

कुठेही गेलात तरी दहा-बारा बैठकांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. तीन-चार भेटींत कूस बदलणं आणि चालणं काहीच सोपं झालं नसेल तर उपचार बदला.

आणि ३६ व्या आठवड्यात एक माप घेऊन ठेवा. पलंगावर कुशीवर झोपा किंवा टेकून बसा, न दुखता गुडघे जितके फाकतात तितके फाकवा आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजून प्रसूतीच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहा. कळा आल्यावर, विशेषतः कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलेलं असेल तर, दुखणं कळत नाही आणि पाय नकळत जास्त ताणले जातात. लेबर रूममधल्या सिस्टरना तो आकडा सोबतच्या माणसाने वाचून दाखवायचा, आणि कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहून कळा देता येतील का, हे त्याच वेळी विचारायचं.