मुजिबनगर तिकीट-संच: तिकिटं घ्यावीत, माहितीपत्रक जपून वाचावं

रत्नागिरीच्या बाजारात एका नाणी-तिकिटांच्या दुकानात बांगलादेशच्या 1971 च्या विजनवासातल्या (देशाबाहेरून चाललेल्या) सरकारच्या तिकिटांचं फोल्डर मिळतं. आत 8 कोरी तिकिटं, ओव्हरप्रिंट केलेलं, म्हणजे मूळ छपाईवर नंतर मजकूर छापलेलं, एक जादा तिकीट आणि तेव्हाचे पंतप्रधान ताजुद्दीन अहमद यांच्या कारकिर्दीवर चार पानी माहितीपत्रक. किंमत 600 रुपये. नुसत्या तिकिटांसाठी ठीक आहे.

मूळ संच 29 जुलै 1971 चा. आरेखन बिमान मल्लिक यांचं, छपाई लंडनची. 10, 20, 50 पैसे आणि 1, 2, 3, 5, 10 रुपये, एकूण दर्शनी किंमत 21.80. टाका हे चलन 1972 मध्ये आलं, त्यामुळे आकडे रुपयांतच. देशाचं नाव ‘बांगला देश’ असं तोडून छापलंय, ती चूक नव्हे. 20 पैशांच्या तिकिटावरचे लाल डाग पाहून दमट हवेला बोल लावू नका. ढाका विद्यापीठातल्या हत्याकांडाचं ते तिकीट आहे.

फसगत होते ती नवव्या तिकिटात. डिसेंबर 1971 मध्ये ‘बांगलादेश लिबरेटेड’ असा ओव्हरप्रिंट मारलेली तीनच तिकिटं बांगलादेशात अधिकृतपणे निघाली: 10 पैसे, 5 रुपये, 10 रुपये. बाकीच्या पाचांवरही तो मारला गेला, पण ती ब्रिटनमध्येच विकली गेली. या फोल्डरमध्ये नेमकं 50 पैशांचं आहे. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

आता माहितीपत्रक. सरकारचा शपथविधी 10 एप्रिलला झाला असं त्यात ठोकून दिलंय. 10 ला घोषणापत्र निघालं, शपथ झाली 17 एप्रिलला, मेहेरपूरजवळ बैद्यनाथतळ्याच्या आमराईत. त्याच जागेला मुजिबनगर नाव पडलं. कारभार मात्र चालला कलकत्त्याच्या 8, थिएटर रोडवरून. ताजुद्दीन तिथेच राहत. स्वातंत्र्यलढ्याचे नेते शेख मुजीब पाकिस्तानच्या तुरुंगात, सय्यद नझरूल इस्लाम हंगामी राष्ट्राध्यक्ष, आणि युद्धासाठी 11 सेक्टरांची (लढाईच्या विभागांची) आखणी: एवढा डोलारा ज्याने नऊ महिने सांभाळला, त्या ताजुद्दीन यांचं चित्र आठांपैकी एकाही तिकिटावर नाही. चेहरा आहे तो मुजीबांचा, 5 रुपयांवर. निदान माहितीपत्रकाने ही कसर भरून काढायला हवी होती. तर ते 22 डिसेंबरला सरकार ढाक्याला परतलं तिथेच संपतं! जानेवारी 1972 मध्ये त्यांनी पंतप्रधानपद मुजीबांकडे सोपवलं, स्वतः अर्थमंत्री झाले, ऑक्टोबर 1974 मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि 3 नोव्हेंबर 1975 ला ढाक्याच्या तुरुंगात आणखी तीन नेत्यांसह मारले गेले. यातलं एक अक्षरही नाही.

या युद्धातल्या निर्वासितांच्या मदतीसाठी भारतातल्या पत्रांवर नोव्हेंबर 1971 पासून काही काळ चिकटवावं लागलेलं 5 पैशांचं ‘शरणार्थी सहायता’ तिकीटही यात हवं होतं. मुंबईहून गावी आलेल्या जुन्या पाकिटांवर ते आजही सापडतं. घरची ट्रंक आधी उपसा, मग विकत घ्या.

फोल्डरची पारदर्शक पिशवी मऊ पीव्हीसीची आहे. आपल्याकडच्या हवेत ती घामेजते, तिकिटामागचा गम धरतो आणि कोरं तिकीट पानाला चिकटतं. पाण्यात सोडवाल तर गमच जाईल. त्यामुळे घरी आणल्याबरोबर चिमट्याने तिकिटं काढून स्टॉकबुकात (तिकिटं खोचायच्या पट्ट्यांच्या वहीत) लावा, पानांमध्ये ग्लासीन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद घाला. स्टॉकबुक उभं ठेवा, आडव्या थप्पीत दाब पडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. निळे दाणे गुलाबी झाले की कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्या. डांबरगोळ्या मात्र नकोत. कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा, आणि गणपती गेले की उघडीप बघून पानं एकदा पंख्याखाली धरा.