दवाखाना की मोबाइल? ग्वाल्हेरातल्या आईसाठी डॉक्टर निवडताना

ज्यांचे आई-वडील ग्वाल्हेरात आहेत आणि स्वतः पुण्या-बंगळूरला नोकरीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी आई ७६ वर्षांची. मधुमेह आणि बीपी जुनेच, शिवाय दिल्लीत बसवलेला स्टेंट. गेल्या काही वर्षांत तिला आम्ही चार ठिकाणी दाखवलं: लष्कर भागातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे, ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सेवेवर, एका खासगी ॲपवर, आणि दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञांना व्हिडिओवरून. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की आईला त्रास होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दिल्लीची फेरी

व्हिडिओचा सगळ्यांत मोठा फायदा इथे. ग्वाल्हेरहून दिल्ली तीनशे किलोमीटरहून जास्त. जानेवारीत धुकं पडलं की गाडीचा भरवसा नाही. शाल आणि कानटोपीत गुंडाळलेल्या आईला घेऊन पहाटे फलाटावर तास तास काढले आहेत. एवढं करून तिथे काय व्हायचं? रिपोर्ट बघायचे, बीपी मोजायचं, "औषधं चालू ठेवा" म्हणायचं. परतल्यावर आई दोन दिवस झोपून. आता रिपोर्ट आदल्या दिवशी पाठवते, आणि आई स्वतःच्या पलंगावर बसून डॉक्टरांशी बोलते. तिथल्या गर्दीत ती दोन वाक्यं बोलायची. घरी बसून रात्री जिना चढताना लागणारी धापसुद्धा सांगते.

पण एक नियम माहीत असू द्या. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'फॉलो-अप' म्हणजे त्याच डॉक्टरांनी, त्याच आजारासाठी, गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेला रुग्ण. काही औषधं पहिल्याच व्हिडिओभेटीत लिहिता येतात, काही फक्त अशा फॉलो-अपमध्ये, आणि गुंगीची, व्यसन लागू शकणारी काही औषधं दुरून लिहायला मुळीच परवानगी नाही. त्यामुळे "एकदा समोर दाखवून घ्या" असं डॉक्टर म्हणाले तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका.

ई-संजीवनी आणि खासगी ॲप

ई-संजीवनी सरकारी, मोफत. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेने बनवली. घरून थेट डॉक्टरांशी बोलण्याची सोय एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत सुरू झाली. मोबाइलवर ओटीपी येतो, टोकन मिळतं, रांगेत थांबायचं, बोलणं झालं की चिठ्ठी डाउनलोड करायची. साधे जुलाब, सर्दी, अंगाला सुटलेली खाज, रिपोर्टमधल्या एखाद्या आकड्याचा अर्थ, किंवा "आता कुठल्या तज्ज्ञाकडे जाऊ?" हा प्रश्न, एवढ्यासाठी मी ती बिनधास्त सुचवते. जयारोग्य या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत अर्धा दिवस घालवावा इतकं ते काम नसतं. अडचण ही की दर वेळी डॉक्टर नवा. आईची सगळी कथा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि सांगताना काहीतरी राहतंच.

याच सेवेचा दुसरा प्रकार मला जास्त मोलाचा वाटतो. आयुष्मान आरोग्य मंदिरातली, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य केंद्रातली आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसते, बीपी-शुगर स्वतः मोजते आणि मग पडद्यावरच्या डॉक्टरांशी जोडून देते. ग्वाल्हेर जिल्ह्यात भितरवार किंवा घाटीगावच्या बाजूला तुमचं कोणी राहत असेल तर घरच्या मोबाइलऐवजी त्यांना तिकडे पाठवा. रुग्णाला हात लावणारं एक माणूस जवळ असतं.

खासगी ॲपवर डॉक्टर रात्रीही मिळतात, रांग नसते, फी आधी भरायची. आमचा अनुभव मात्र कडू आहे. बीपी वाढलं म्हणून एका रात्री आईला तिथे दाखवलं. जुनी औषधं कोणती, हे आम्ही घाईत अर्धवट सांगितलं, समोरूनही नीट विचारलं गेलं नाही. नवी गोळी आली. तीन आठवड्यांनी आईचे पाय सुजले, उठताना भोवळ येऊ लागली. फॅमिली डॉक्टरांनी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला सांगितल्या तेव्हा कळलं: दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या, आत बीपीचं औषध एकच, अॅम्लोडिपिन. आई दोन्ही घेत होती. त्या दिवसापासून कुठल्याही व्हिडिओभेटीआधी मी सगळ्या पट्ट्यांचा एकत्र फोटो काढून पाठवते, औषधाचं मूळ नाव वाचता येईल असा. चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे ना, तेही बघते. दोन्ही असायलाच हवेत.

फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर

मधुमेह्याचे पाय व्हिडिओवर तपासता येत नाहीत. आमचे डॉक्टर आईला चप्पल काढायला लावतात, एका बारीक नायलॉनच्या तंतूने तळव्याला ठिकठिकाणी टोचतात आणि विचारतात, "कळलं का?" एकदा अंगठ्याखाली तिला कळलंच नाही. दुखत नव्हतं, त्यामुळे आई कुठल्याच पडद्यासमोर ते सांगणार नव्हती. पोट दाबून बघणं, छातीला स्टेथोस्कोप लावणं, नवी गाठ चाचपणं, हे सगळं याच टेबलावरचं. म्हणून नवं दुखणं आधी इथे दाखवायचं.

दुसरी गोष्ट भाषेची. आई बाजारात छान हिंदी बोलते, पण आजार ती मराठीतच सांगते. "पोटात कळ येते" हे तिने एकदा व्हिडिओवरच्या डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं आणि त्यांना उमगेना. हिंदीत 'कल' म्हणजे उद्या, नाहीतर काल. मुंग्या येणं, ठणका लागणं, जीव घाबरा होणं, प्रत्येक शब्दामागे वेगळा आजार असू शकतो. आमच्या डॉक्टरांना हे उलगडून सांगावं लागत नाही. तुमचे डॉक्टर मराठी नसतील तर आधी आईशी मराठीत नीट बोला, तिचं दुखणं हिंदीत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद तिच्या हातात द्या.

कागद तिच्या हातात, आणि फोनसमोरही तीच. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलगा पुण्याहून कॉलवर येतो, नात फोन धरते, दोघं मिळून डॉक्टरांशी बोलतात आणि जिला दुखतंय ती कोपऱ्यात गप्प बसून राहते, असं आमच्याकडेही झालं आहे. आता आधी आई बोलते. आम्ही नंतर, तेही तिला विचारून.

व्हिडिओवर दाखवायचं तर घरी दंडाला बांधायचं बीपीचं यंत्र हवं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, हात हृदयाच्या उंचीवर ठेवा, मोजताना बोलू देऊ नका, चहा घेतल्याला अर्धा तास होऊ द्या. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा खूप जास्त सांगते.

छातीत दाब, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं: इथे कुठलंही ॲप उघडू नका, १०८ लावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि टोकनची वाट बघण्यात ते तास जातात. मन खचलंय, झोप उडालीय, एकटेपणा खातोय, तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, मोफत, चोवीस तास. वडील गेल्यानंतर आईला तो मी लावून दिला होता.

आमची सध्याची घडी अशी: दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) करून फॅमिली डॉक्टरांकडे प्रत्यक्ष. दिल्लीला वर्षातून दोनदा, ऑक्टोबरच्या शेवटी आणि एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे धुकंही टळतं आणि मे-जूनची लू, म्हणजे गरम वाऱ्याची झळही. मधल्या भेटी जानेवारीत आणि जुलैत व्हिडिओवर, दोन्ही सहा महिन्यांच्या आत बसतात. जानेवारीतल्या भेटीच्या वेळी आई रजईत असते.