भिंतीवरचा १७ एप्रिल आणि माझे ५,४६,९५५ रुपये

आधीच सांगते, मी शिकलेली आहे, नोकरी करते आणि तीही हिशेब विभागात. २६ वर्षं दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली. तरी एका 'मेमरी केअर' केंद्राने, म्हणजे स्मृतिभ्रंशाची माणसं ठेवून घेणाऱ्या जागेने, मला ७१ दिवसांत ५,४६,९५५ रुपयांना गंडवलं. हे लिहायला सहा महिने लागले, कारण लाज वाटत होती. अजूनही वाटते. पण परवा ऑफिसातल्या एकाने वडिलांसाठी बघितलेल्या जागेचं माहितीपत्रक दाखवलं. केंद्र वेगळं, पण शब्द तेच. 'घरापासून दूर, तरी घरच.' म्हणून बसले लिहायला.

'घरीच का नाही सांभाळलं' असं विचारणाऱ्यांनी आधी हे वाचावं. आईला अल्झायमर आहे, वय ७६. साडेतीन वर्षं सांभाळली. रात्री दोन वाजता कडी काढून रस्त्यावर गेली, दोनदा. गॅस चालू ठेवून झोपली. संध्याकाळ झाली की 'मला माझ्या घरी सोड' म्हणत दाराला धडका द्यायची, आणि घर तर तिचंच. त्यात नवऱ्याची बायपास झाली. दादा परदेशात, तो म्हणाला, पैसे मी देतो, जागा तू बघ. सलग दोन तास झोप न मिळालेलं माणूस जागा कशी बघतं, ते त्यातून गेलेल्यांना सांगायला नको.

३ जूनला, गेल्या वर्षी, बघायला गेले. वेळ त्यांनी दिली, सकाळी अकराची. (तुम्ही त्यांच्या वेळेला जाऊ नका. संध्याकाळी सहानंतर जा, न सांगता. या आजाराचं खरं रूप तेव्हाच दिसतं आणि केंद्राचंही.) हॉल स्वच्छ, खुर्च्या गोलात मांडलेल्या, एका कोपऱ्यात रंगीत चेंडू. भिंतीवर मोठा फळा. त्यावर कप्पे आखून लिहिलेलं: 'आज वार: गुरुवार. तारीख: १७ एप्रिल. ऋतू: उन्हाळा.'

मी तो वाचला. मंगळवार होता, जून लागला होता. मला ते दिसलं, हे मी आज शपथेवर सांगू शकते. हा फळा शोभेचा नसतो. वार, तारीख, ऋतू हे या माणसांच्या हातातून फार लवकर निसटतं, म्हणून तो रोज सकाळी बदलायचा असतो, त्यांना वाचून दाखवायचा असतो. सगळ्या 'थेरपी'त फुकटात होणारं काम ते एवढंच. दीड महिना तिथल्या कुणालाच खडू उचलावासा वाटला नव्हता. आणि मी काय केलं? मनात म्हटलं, इथल्यांना कुठे तारीख कळतेय. म्हणजे त्यांनी जो विचार केला असेल तोच मीही केला. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण रात्री जाग येते ती या वाक्याने.

१० जूनला आईला नेलं. अनामत ३,००,०००. प्रवेश शुल्क २५,०००. महिन्याची फी ४८,५००, आगाऊ. अनामत आणि फी बँकेतून दिली. प्रवेश शुल्क मात्र व्यवस्थापकाने एका मोबाइल नंबरवर यूपीआयने मागितलं. नाव संस्थेचं नाही, कुठल्या तरी व्यक्तीचं. केलं. पावती आजतागायत नाही. माझ्या टेबलावर असलं व्हाउचर आलं असतं तर मी ते आणणाऱ्याच्या तोंडावर फेकलं असतं.

तीन लाखांची पावती मात्र लगेच मिळाली. त्यावर लिहिलं होतं 'ऐच्छिक देणगी'. मी विचारलं, ही तर अनामत ना? व्यवस्थापक हसला. "ताई, आपली संस्था ट्रस्ट आहे. अनामत लिहिलं की ऑडिटला त्रास होतो. तुम्ही काळजीच करू नका, आजींना नेताना पूर्ण रक्कम परत. तीस वर्षं हेच चाललंय." त्याच वेळी आई माझ्या पर्सचा पट्टा ओढत होती. "चल ना गं, उशीर झाला, शाळा सुटली असेल." आई शिक्षिका होती. तिथल्या कामाच्या मावशी तिचा हात सोडवायला बघत होत्या, आई रडायला लागली, आणि मी ती पावती घडी घालून पर्समध्ये टाकली. खेळ असाच चालतो. कागद नेमका अशा वेळी पुढे करतात की तो वाचणं म्हणजे आईकडे पाठ फिरवणं. कागद आदल्या दिवशी घरी मागवा. नाही म्हणाले, तर तेच उत्तर.

नोंदणीचं विचारलं नव्हतं असंही नाही. विचारलं. त्यांनी फ्रेम केलेली दोन प्रमाणपत्रं दाखवली, एक ट्रस्टच्या नोंदणीचं, दुसरा गुमास्ता परवाना. म्हणजे संस्था अस्तित्वात आहे आणि दुकान उघडायला परवानगी आहे. आजारी माणसं ठेवायला आहे का, हे त्यांपैकी एकाही कागदावर नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नावाचा कायदा आहे, त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचं भान हे शब्द आहेत, आणि अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या आस्थापनेला कलम ६५ प्रमाणे नोंदणी लागते. हे मला ऑगस्टनंतर कळलं. पहिल्यांदा मोडला तर दंड किती, तर ५,००० ते ५०,०००. आमच्या एका महिन्याच्या फीएवढा. कोण कशाला घाबरेल?

मग हळूहळू मीटर पडत गेलं. आठव्या दिवशी फोन: "आजी रात्री फिरतात, स्वतंत्र मावशी लागेल, १८,०००." मी म्हटलं, फिरतात म्हणूनच तर तुमच्याकडे ठेवलं. "तसं नाही ताई, पडल्या तर जबाबदारी कुणाची?" पडणं हा शब्द उच्चारला की आपली बोलती बंद. दोन महिने दिले, ३६,०००. नंतर कळलं की रात्रपाळीला अख्ख्या मजल्यावर १७ जणांना मिळून एकच बाई होती. आईची 'स्वतंत्र' मावशी तीच, आणि बहुधा इतर तीन-चार घरांकडूनही तिचेच अठरा-अठरा हजार येत होते. 'स्मृती पुनर्वसन पॅकेज' महिन्याला १२,०००, दोनदा. डायपर-औषधं ७,३४० आणि ९,११५, सुटी बिलं नाहीत, वहीत एका ओळीत आकडा.

भेटायला फक्त रविवारी, ११ ते १२. 'वारंवार आलात तर त्या रुळत नाहीत.' हे मलाही पटलं होतं, कारण मला झोपायचं होतं. लिहितेय तर खरं लिहिते.

जुलैअखेर त्यांनी प्रगतिपत्रक दिलं. ३० गुणांची जी चाचणी न्यूरोलॉजिस्ट घेतात, तीच. मे महिन्यात आमच्या डॉक्टरांकडे आईला ११ मिळाले होते. इथे १८! दादाला फोटो पाठवला, तो फोनवर रडला. मी त्या दिवशी पॅकेजचे दुसरे १२,००० आनंदाने भरले.

अल्झायमरमध्ये सात आठवड्यांत ११ चे १८ होत नाहीत. चांगल्या काळजीने माणूस शांत होतं, जेवतं, झोपतं, पण उतार थांबवून चढ लावणारं औषध किंवा पॅकेज आज कुणाकडे नाही. असं कुणी विकत असेल तर तो चोर. ही चाचणी खोटी होती हे मला दोन कागद शेजारी ठेवल्यावर दिसलं. चाचणीत एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायचे असतात. मेच्या कागदावर आईने काढलेल्या तीन तुटक रेघा आणि एक गोल होता, पेन टेकवून टेकवून कागद फाटलेला. जुलैच्या कागदावर पंचकोन कसे, तर भूमितीच्या वहीतले. एका दमात काढलेले, कोपरे जुळलेले. आणि सगळ्यांत वर, वर्ष, ऋतू, महिना, तारीख, वार या पाच प्रश्नांना पाचपैकी पाच. त्याच हॉलमध्ये बसवून विचारलं असणार, जिथे फळ्यावर अजून १७ एप्रिल होता.

२० ऑगस्टला, बुधवारी, दुपारी चार वाजता मी न सांगता गेले. दहा मिनिटं दारातच थांबवलं. मी ढकलून आत गेले. आई खुर्चीत, मान छातीवर, तोंडातून लाळ. कमरेभोवती ओढणी, गाठ खुर्चीच्या मागे. मनगटांवर निळे वळ. हाक मारली तर डोळे उघडेनात. घरी आणल्यावर वजन केलं, ५८ किलोंचं ५१.५ झालं होतं.

रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर तिच्या डब्यात क्वेटियापिन होतं, मानसिक आजारावरचं, गुंगी आणणारं औषध. आमच्या डॉक्टरांनी ते कधी लिहून दिलेलं नव्हतं. या गटातल्या औषधांनी डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच त्यांवर छापायला लावलाय. कधीकधी डॉक्टर विचार करून, थोड्या काळासाठी देतातही. पण इथे डॉक्टर कोण, हे सांगायलाच कुणी तयार नव्हतं. डब्याचा फोटो दर भेटीला काढा. आणि हात, पाठ, पावलं, उघडून बघा, चादर बाजूला करून. लाजू नका.

बांधण्याबद्दल विचारलं तर व्यवस्थापकाने फाइल काढली. 'आवश्यकतेनुसार हालचालींवर मर्यादा आणण्यास संमती.' खाली आईचा अंगठा. चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांवर सही करणाऱ्या बाईचा अंगठा. त्याच २०१७ च्या कायद्यात कलम ९७ आहे. बांधायचं तर तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि कर्मचारी कमी आहेत हे कारण चालत नाही. २४ तासांत रुग्णाच्या प्रतिनिधीला कळवावं लागतं. मला कोण कळवणार?

पैसे मागितले. उत्तर: देणगी परत होत नाही, एक महिन्याची नोटीस दिली नाही, त्यामुळे १० ऑगस्टला भरलेले ४८,५०० सुद्धा जमा. 'माणुसकी म्हणून' ११,००० देतो, या कागदावर सही करा की तक्रार नाही. केली नाही. जन्मात एकदा शहाणपणा सुचला.

आता सरकारी प्रवास. पोलीस ठाण्यात तीन तास बसवलं. मनगटांचे फोटो मोबाइलवर बघून साहेब म्हणाले, "या वयात असे डाग पडतातच." पावती बघून म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः दिलेत, बाई तिथे राहिल्यात, वाद रकमेचा आहे. दिवाणी बाब." भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. लेखी अर्जाची पोच घ्यायला मला आणखी दोनदा जावं लागलं. पोच घेतल्याशिवाय हलू नका, रडू आलं तरी.

दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, वृद्धाश्रम असता तर आमच्याकडे. तिसऱ्यात, रुग्णालय असतं तर आमच्याकडे. चौथ्यात, ट्रस्टचं म्हणाल तर देणगी दिल्याचं तुमच्याच पावतीवर आहे. म्हणजे वृद्धाश्रम नाही, रुग्णालय नाही, १७ आजारी म्हातारी माणसं हवेत ठेवलीत! पाचव्या ठिकाणी ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा काढला. तिथल्या बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "हे मुलांनी सांभाळलं नाही तर. तुमच्या आईने तुमच्याविरुद्ध अर्ज दिला असता तर लगेच घेतला असता." मी हसले. खरंच हसले, त्यांना वाटलं असेल हिलाही काहीतरी झालंय. सहाव्या ठिकाणी ईमेल केले, चार. पाचवा करणार आहे.

शेवटी ग्राहक आयोग. यातलं एवढं बरं की २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. (आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, पुढे जोडायला कागद होतो.) शुल्क २०० रुपये. सगळ्या प्रकरणात बरोबर पावती मिळालेली ही एकच रक्कम. कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. आतापर्यंत तीन तारखा झाल्या. पहिल्याला त्यांचा वकील नाही, दुसऱ्याला वकील आहे पण वकीलपत्र नाही, तिसऱ्याला म्हणणं मांडायला मुदत. प्रत्येक वेळी माझी एक रजा आणि आईजवळ बसायला माणूस, दिवसाचे ९००.

नातेवाईक म्हणतात, सोडून दे, आई परत आली ना. आली. पण जूनमध्ये गेली होती ती चालत.

गेल्या आठवड्यात केंद्राचा मेसेज आला. ऑगस्टच्या धुलाईचे ३,८७० रुपये बाकी आहेत, न भरल्यास कायदेशीर कारवाई. करा म्हणावं. माझी तशीही पुढची तारीख १९ ला आहे.