हेझल मॅकॅलियन आणि मिसिसॉगा : ३६ वर्षांच्या नागरी सेवेचे परीक्षण

कॅनडात टोरोंटोच्या पश्चिमेला लागून असलेल्या मिसिसॉगा शहराचे महापौरपद हेझल मॅकॅलियन यांनी १९७८ ते २०१४ अशी सलग ३६ वर्षे सांभाळले. तेथे महापौर थेट मतदारांकडून निवडला जातो आणि मॅकॅलियन यांनी अशा १२ निवडणुका जिंकल्या. महापालिका ही नागरिकाने कर भरून घेतलेली सेवा आहे, असे मी मानतो. त्यामुळे या कारकिर्दीकडे पाहताना भरलेल्या पैशांत लोकांच्या पदरात काय पडले आणि पुढच्यांच्या नावावर काय राहिले, हे दोन प्रश्न मी समोर ठेवले आहेत.

या कामाचे वळण एका लहान गावात पडले. क्वेबेकमधील पोर्ट डॅनियल येथे १९२१ साली जन्मलेल्या मॅकॅलियन टोरोंटोत एका अभियांत्रिकी कंपनीत नोकरी करीत होत्या. पुढे त्या क्रेडिट नदीकाठच्या स्ट्रीट्सव्हिल या गावाच्या कारभारात उतरल्या आणि १९७० मध्ये तेथील महापौर झाल्या. गाव मिसिसॉगात विलीन होऊ नये म्हणून त्यांनी निकराने विरोध केला, पण १९७४ मध्ये प्रांतिक सरकारच्या निर्णयाने ते विलीन झालेच. मग त्या त्याच शहराच्या नगरसेवक झाल्या आणि चार वर्षांनी विद्यमान महापौरांना हरवून सर्वोच्च पदावर बसल्या. ज्या गावात पै न् पै कुठे खर्च झाली ते सर्वांना दिसते, तेथे शिकलेला काटेकोरपणा त्यांनी मोठ्या शहरात आणला, आणि त्यांच्या सेवेचा हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पद स्वीकारून जेमतेम वर्ष होत असताना, १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री, शहरात १०६ डब्यांची मालगाडी रुळांवरून घसरली. एका डब्याचा बेअरिंग तापून चाके निखळली होती. प्रोपेनच्या टाक्यांचे स्फोट झाले आणि क्लोरीनने भरलेल्या एका टाकीला भगदाड पडल्याने विषारी वायू वस्तीत पसरण्याचा धोका उभा राहिला. पोलीस, अग्निशमन दल आणि प्रांतिक सरकार यांनी महापौरांसह टप्प्याटप्प्याने दोन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडायला लावली. रुग्णालयेही रिकामी करण्यात आली. लोक पूर्णपणे घरी परतायला जवळपास आठवडा गेला, पण एकही जीव गेला नाही. या काळात घोटा मुरगळलेला असतानाही मॅकॅलियन लोकांसमोर आणि पत्रकारांसमोर येत राहिल्या. श्रेय अनेकांचे आहे, हे मान्यच. पण घाबरलेल्या शहराला दर काही तासांनी खरी माहिती देणे हेही महापौराचेच काम असते, आणि ते येथे चोख झाले. त्यांना ‘हरिकेन हेझल’ हे टोपणनाव मिळाले ते १९५४ मध्ये ऑन्टारिओत ८१ बळी घेणाऱ्या वादळावरून. ज्या महापौरांच्या काळातील सर्वांत मोठ्या दुर्घटनेत प्राणहानी झाली नाही, त्यांना ते नाव चिकटावे, हे मला पटत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र निवाडा इतका सरळ नाही. शहर अनेक दशके कर्जमुक्त राहिले, याचे मॅकॅलियन यांना सार्थ कौतुक मिळाले. नव्या बांधकामाचा बोजा जुन्या रहिवाशांवर पडू नये म्हणून रस्ते, पाणी, वाचनालये यांचा खर्च बिल्डरांकडून विकास शुल्काच्या रूपाने वसूल करण्याचे धोरण त्यांनी खंबीरपणे राबवले, आणि मालमत्ता कर भरणाऱ्याला त्याचा लाभ झाला. पण हे गणित शेतजमिनीवर नवी घरे उभी राहत आहेत तोवरच जुळते. मोकळी जमीन संपत आली तसे शुल्काचे उत्पन्न आटले, जुन्या रस्त्यांची आणि पुलांची दुरुस्ती अंगावर आली आणि त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत शहराला पुन्हा कर्जाकडे वळावे लागले. शिवाय पसरट वस्त्या, रुंद रस्ते आणि गाडीशिवाय दुकानही गाठता येऊ नये अशी रचना हा वारसा हिशेबाच्या वहीत दिसत नसला, तरी रहिवासी तो रोज सोसतात. म्हणून या बाबतीत मी सेवेला चांगली म्हणेन, उत्कृष्ट म्हणणार नाही.

निवडणुकांचाही येथे विचार केला पाहिजे. नंतरच्या निवडणुकांत मॅकॅलियन प्रचार करीत नसत, देणग्या घेत नसत, तरीही प्रचंड बहुमताने निवडून येत. लोकांचा हा विश्वास खरा होता, परंतु समोर तुल्यबळ प्रतिस्पर्धी नसेल तर प्रश्न विचारणारे तोंडही उरत नाही. एका नियोजनविषयक निर्णयात हितसंबंधांचा संघर्ष झाल्याचा ठपका न्यायालयाने १९८२ मध्ये त्यांच्यावर ठेवला, मात्र ती प्रामाणिक चूक मानून त्यांचे पद कायम ठेवले. पुढे मुलाचे हितसंबंध असलेल्या एका हॉटेल प्रकल्पाबाबत न्यायालयीन चौकशी झाली आणि २०११ च्या अहवालात न्यायमूर्ती डग्लस कनिंगहॅम यांनी पुन्हा तसाच निष्कर्ष काढला. मॅकॅलियन यांना पदावरून दूर करण्याची मागणी २०१३ मध्ये न्यायालयाने फेटाळली. प्रकल्प शहराच्या भल्यासाठीच हवा होता, असे त्यांचे म्हणणे होते. तो हेतू मी नाकारत नाही, पण घरातील माणसाचा व्यवहार पुढे असताना महापौराने बाजूला होणे ही सेवेची किमान अट आहे, आणि ती पाळली गेली नाही याचे मला मनापासून दुःख वाटते.

२०२३ च्या जानेवारीत, वयाच्या १०१ व्या वर्षी, मिसिसॉगातच त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी पोर्ट क्रेडिटपासून हुरॉन्टारिओ रस्त्याने ब्रॅम्प्टनपर्यंत जाणाऱ्या सुमारे १८ किलोमीटरच्या हलक्या रेल्वेमार्गाला त्यांचे नाव देण्यात आले होते. त्यांच्या काळात वाढलेल्या वस्त्यांतील लोकांना गाडी घरी ठेवून बाहेर पडता यावे, यासाठी हा मार्ग बांधला जात आहे.