खान्देशातल्या गाडीवाल्यांनो, केबिनमध्ये डिमर लाईट बसवताय तर आधी हे वाचा

डोकं अजून तापलेलंच आहे त्यामुळे लिहिताना मागेपुढे होईल, पण लिहितोच. ट्रकच्या केबिनमधे एलईडी स्ट्रिप आणि डिमर बसवून देतो म्हणून एकाने माझ्याकडून १०,१०० रुपये घेतले आणि त्या कामापायी पुढे जे गेलं ते धरून ४४,२०० ला खड्डा पडला. हा माणूस अजून हायवेला बसून तेच काम करतोय, दुकानासमोर गाड्या उभ्या असतात.

ज्यांना वाटतं केबिनमधे लाईटीची हौस कशाला, त्यांनी एकदा केळी भरून रात्री सेंधव्याजवळचा बिजासन घाट उतरून बघा. कंपनीचा दिवा लावला की सगळा उजेड समोरच्या काचेवर येतो, रस्ता दिसत नाही, आणि बंद केला तर मागे किन्नर (क्लीनर) अंधारात चाचपडतो. म्हणून पिवळसर आणि कमीजास्त होणारी लाईट पाहिजे होती. ही हौस नाही, गरज आहे.

ट्रकमधे बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट असतात. हिशोब असा सांगितला होता. स्ट्रिप आणि पट्ट्या २,४००, दोन डिमर १,३००, चोवीसचं बारा करणारा कन्व्हर्टर १,८५०, प्युअर कॉपर वायर १,६००, फ्यूज बॉक्स ४५०, मजुरी २,५००. सहा हजार फोनवरून टाकले, ४,१०० रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणे भाऊ जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल, आणि कागदाच्या चिटोऱ्यावर आकडे लिहून दिले. घरी आईने पहिला प्रश्न तोच विचारला, "बिल लिधं का?"

चोवीस व्होल्टची स्ट्रिप का नाही लावत, हे मी सुरुवातीलाच विचारलं होतं. म्हणे ती इकडे मिळत नाही, बाराची लावून कन्व्हर्टर टाकू. साफ खोटं. चोवीसची स्ट्रिप सहज मिळते, डिमरसुद्धा बहुतेक बारा-चोवीस दोन्हीवर चालतात. चोवीसची घेतली की कन्व्हर्टरची भानगडच नाही, करंटही निम्मा लागतो, मीटरला १४.४ वॅटची पाच मीटर स्ट्रिप बारावर ६ अँपिअर खाते ती चोवीसवर ३.

आता जे आठवलं की रात्री झोप लागत नाही ते. त्याने बॅटरी बॉक्स उघडला आणि लाल वायर दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या मधल्या केबलच्या टोकाला आवळली. मी शेजारीच उभा होतो. मधल्या जोडावर बाराच व्होल्ट असतात हे मला माहितीये, मी काही काल गाडीवर चढलेलो नाही. कन्व्हर्टर खरंच लावणार असेल तर त्याला चोवीस द्यायला पाहिजेत ना, मग वायर मधून कशाला? मी विचारलं पण, "दादा, मधून का घेतली?" म्हणे कन्व्हर्टरला सोपं पडतं. आणि तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन, कापणी झाली, मजूर बसून आहेत, गाडी कुठाय. केळी थांबत नाही, ज्याने भरली त्यालाच ते माहीत. माझ्याजवळ व्होल्ट मोजायचा मीटर नव्हता, नाव ओळखीच्या माणसाने दिलेलं, लाईट समोर लागत होती, डिमर फिरवला की कमीजास्त होत होती. त्या जागी कोणीही असता तरी पैसे दिलेच असते.

थोड्याच दिवसांत एका बॅटरीचं पाणी सारखं आटायला लागलं, दुसरी मरगळलेली. मला वाटलं डायनामोचा लोचा. मग सेंधव्याच्या पुढे ढाब्यावर थांबलो, रात्रभर बारीक लाईट चालू होती, पहाटे सेल्फ मारला तर नुसता टकटक. भरलेली गाडी ढकलून निघते का? जंपर मिळेपर्यंत ऊन चढलं, माल उशिरा पोचला, व्यापाऱ्याने ७,५०० कापले.

परत येताना धुळ्यात एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवलं. त्याने डॅशबोर्डखालचा तो अॅल्युमिनियमचा, पंखे असलेला, भारी दिसणारा कन्व्हर्टर काढला, चार स्क्रू खोलले. आत काहीच नाही. एका बाजूने वायर आत आणि पिळा मारून दुसऱ्या बाजूने बाहेर. रिकाम्या डब्याचे १,८५० रुपये! सगळी लाईट एकट्या खालच्या, म्हणजे जिची निगेटिव्ह बॉडीला असते त्या बॅटरीवर चालत होती. चार्जिंग दोघींना मिळून होतं, म्हणून खालची कायम उपाशी आणि वरची ओव्हरचार्ज होऊन उकळत. दोन्ही गेल्या. बॅटरीवाल्याने फुगलेली बघून वॉरंटी नाकारली, जोडीचे २३,४००. धुळ्याच्या काकांनी नवीन वायरिंगचे ३,२०० घेतले, त्यांचं काही चुकलं नाही. ब्लेडने वायर खरवडून दाखवली तर आत पांढरी, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. आणि असल्या १ एमएमच्या वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज! म्हणजे आधी वायर जळणार, मग केबिन, फ्यूज शेवटपर्यंत शाबूत. मागे माझा किन्नर झोपतो, त्याचं काय झालं असतं?

वायर घेताना तिथेच खरवडून बघा. फ्यूज बॅटरीच्या जवळ आणि वायरीला झेपेल तेवढाच. बरेचसे डिमर निगेटिव्ह बाजू कापतात, त्यामुळे स्ट्रिपची निगेटिव्ह थेट बॉडीला टेकली की डिमर कितीही फिरवा, लाईट फुल्लच राहते. ती डिमरमधूनच परत आणा.

लाईट बसवणाऱ्या त्या फिटरला फोन केला तर म्हणे तुमचाच डायनामो खराब. मग उचलेना. ठाण्यात गेलो, तासभर बाकावर बसवलं, नंतर साहेब विचारतात लाईट लागते ना, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. रिकामा डब्बा टेबलावर ठेवला तर तो उघडून बघायचीही तसदी घेतली नाही. वस्तूचे पैसे घेऊन डब्बा देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? जुन्या ४२० च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय म्हटलं तर वर मलाच विचारतात, तुम्ही वकील का? अर्ज ठेवून जा म्हणाले, पोच मागितली तर साहेब जेवायला गेले. दुसऱ्या एका कार्यालयात बाबू म्हणे ट्रक धंद्याचा, तुम्ही ग्राहकच नाही. एकच गाडी, स्वतः चालवतो, हप्ता भरतो, घर त्याच्यावर, आणि मी ग्राहक नाही? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(७) च्या खुलाशात लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरायला घेतलेला आणि स्वतः वापरलेला माल धंद्याचा धरत नाहीत. हे खिडकीत बसणाऱ्याला माहीत नको? बिचारा साधा ड्रायव्हर तिथूनच घरी जातो. तर जाऊ नका. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, फिटर कुठल्याही गावचा असो. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून नोंद करून ठेवा. रोख दिलेल्या पैशाला पुरावा नाही म्हणून माझे ४,१०० सिद्ध करताना जीव जातोय, तुम्ही सगळे फोनवरूनच द्या आणि सुटा भाग निघाला तर फेकू नका.

ज्यांनी हायवेच्या त्या पट्ट्यात असं लाईटीचं काम करून घेतलंय त्यांनी आज एवढं करा. लाईट लावून, गाडी चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मीटर लावा, दोन्हीकडे १४ च्या आसपास सारखं आलं पाहिजे. माझ्याकडे खाली १२.९ आणि वर १५.१ होतं. तसं काही दिसलं तर मधल्या जोडावरची वायर आधी सोडा, कन्व्हर्टरचे चार स्क्रू खोला आणि आतला फोटो काढून मला पाठवा, तक्रारीला मला अजून गाड्या पाहिजेत.