पोलो जीटीवर कॉइलओव्हर : 11 महिने, साडेचौदा हजार किलोमीटर

आधीच सांगतो, पोलो जीटी टीएसआयला स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात, हसू देत, आमच्या खिशाला झेपली ती हीच. 2014 ची गाडी, 1.2 लिटर, 105 पीएस, चाकणलाच बनलेली. 71 हजार किलोमीटरवर पुढचे शॉक गेले. ब्रेकरवरून उतरलं की धप्प, आणि ताम्हिणीत एकामागून एक वळणं आली की होडीसारखी डुलायची. शॉक बदलायचेच आहेत तर मग थोडे पैसे घालून कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र, उंची बदलता येणारे)... हे "तर मग" फार महागात जातं राव.

बजेट 90 हजार, फिटिंग धरून. पहिला पर्याय साधा, कंपनीच्या उंचीचे चांगले शॉक आणि हवं तर लोअरिंग स्प्रिंग. खरं तर दहातल्या आठ जणांनी हेच करावं. दुसरा म्हणजे बिल्स्टाइन बी14 किंवा केडब्ल्यू व्ही1 असे कॉइलओव्हर सेट, यात फक्त उंची बदलते, डॅम्पिंग (शॉक किती कडक किंवा मऊ) फॅक्टरीतच ठरवून दिलेलं असतं. तिसरा तैवानचे मोनोट्यूब (एकाच नळीच्या शॉकचे) सेट, उंची पण बदला आणि 30 क्लिकचं डॅम्पिंग पण. मी तिसरा घेतला, कारण 30 क्लिक ऐकूनच डोकं फिरलं. आता विचाराल तर त्या 30 मधल्या फार तर सात-आठ क्लिक मी खऱ्या अर्थाने वापरल्यात. एक काम मात्र शहाणपणाचं झालं, ऑर्डर देतानाच पुढची स्प्रिंग 5 किलोऐवजी 4 किलोची मागितली (म्हणजे 4 किलो वजनाला 1 मिलिमीटर दबणारी).

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. म्हणजे कॉइलओव्हर फक्त पुढे, मागे स्प्रिंगखाली उंची बदलायची एक कॉलर आणि बाजूला शॉक. मागचा कँबर-टो (चाकाचा उभा कल आणि आत-बाहेर वळलेला कोन) तर ॲडजस्ट होतच नाही, त्यामुळे "चारही कोपरे ट्यून करा" वगैरे जाहिरात वाचून हुरळून जाऊ नका.

फिटिंगची गंमत वेगळीच. ज्या गॅरेजला टाकली तिथे काम हातासरशी झालं, पण सगळे बोल्ट गाडी लिफ्टवर चाकं लोंबकळत असतानाच टाइट केले. घरी आलो तोवर मागून कुई कुई सुरू. आठवडाभर मी स्प्रिंगला दोष देत बसलो. शेवटी दुसऱ्या गॅरेजमधले एक दादा खाली वाकून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, रबराला पीळ बसलाय." शॉकच्या खालच्या बोल्टला रबरी बुश असतो, तो गाडीचं वजन चाकांवर असताना टाइट करायचा, नाहीतर गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि फाटतो. बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उभी केली, परत टाइट केले, आवाज गायब. खर्च शून्य. तुम्ही कुठेही बसवा, हे समोर उभं राहून करून घ्या. स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकची वरची बैठक) आणि बेअरिंग पण त्याच वेळी नवीन टाका, जुन्यावर नवा सेट चढवला तर महिन्याभरात परत सगळं खोलायची वेळ येते.

आता उंची. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स 168 मिलिमीटर. मी उत्साहात पहिल्या दिवशी 40 नी खाली घेतली. दिसायला काय दिसत होती! फोटो काढले, सगळ्यांना पाठवले, आणि संध्याकाळी सोसायटीच्या गेटमधल्या ब्रेकरवर पोट घासलं. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमाप्रमाणे ब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद पाहिजे, आमच्या गेटातला म्हणजे सिमेंटचा उभा बांध आहे. चार माणसं बसली की गाडी अजून खाली बसते ते वेगळंच.

पण घासणं हा छोटा त्रास. खरा घोटाळा हा की इतकी खाली घेतल्यावर वळणावर गाडी उलट वाईट वागायला लागली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (उभा शॉक-स्प्रिंग आणि खाली एक आर्म) आहे, गाडी खाली आली की खालचा आर्म आडवा होतो, मग बाहेरचं टोक वर उचललं जातं, आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात झुकते) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. म्हणजे गाडी खाली येऊन पण झुकायची ओढ वाढतेच. त्यात शॉकचा ट्रॅव्हल (दबायची जागा) संपलेला, अर्ध्या वळणात खड्डा आला की बंप स्टॉपवर (शॉकच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आपटून पुढचं चाक बाहेर सरकायचं. वरंध घाटात एकदा असं झालं, बायको काही बोलली नाही, नुसतं वरचं हँडल धरून बसली. घरी येऊन दुसऱ्याच दिवशी सी-स्पॅनर (उंचीची कॉलर फिरवायचा पाना) काढला.

मग 40 वरून 25, 25 वरून 15. दर वेळी अलाइनमेंट, कारण उंची बदलली की टो बदलतो आणि टायर आतून खायला लागतो. पहिल्या दोन महिन्यांत तीनदा अलाइनमेंट झाली, हा खर्च बजेटमध्ये कोणीच धरत नाही. मोजताना जमिनीपासून मोजू नका, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, टायरची हवा-झीज मध्ये येत नाही. आणि पहिल्या महिन्यात स्प्रिंग आपोआप चार-पाच मिलिमीटर बसते, तेवढं थांबून मग फायनल सेटिंग करा.

डॅम्पिंगचं म्हणाल तर पूर्ण कडक करायचं आणि तिथून मागे क्लिक मोजायच्या. सध्या पुढे 18, मागे 20. एका नॉबवाल्या सेटमध्ये रिबाउंड (शॉक परत उघडताना) आणि कंप्रेशन (दबताना) दोन्ही एकदम बदलतं, वेगवेगळं हवं असेल तर केडब्ल्यू व्ही3 सारखं काहीतरी लागतं आणि ते आपल्या बजेटच्या फार पुढचं. कडक ठेवली तर जुन्या हायवेवर मस्त, पण पौड रोडच्या खडबडीत पट्ट्यावर मागची चाकं डांबराला टेकतच नाहीत, नुसत्या टुणटुण उड्या. आई मागे बसली होती तेव्हा म्हणाली, "अरे, एसटी बरी होती." त्या दिवशी मागे चार क्लिक मऊ केलं.

पावसाळ्यात शॉकच्या थ्रेडमध्ये (आट्यांमध्ये) चिखल जाऊन कॉलर जाम होते. जूनच्या आधी ब्रशने घासून अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलं आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला. दिसायला जुगाडच, पण ऑक्टोबरमध्ये ट्यूब काढली तर कॉलर हाताने फिरली.

इन्शुरन्सवाल्याला बदल कळवून ठेवा, मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 गाडीतल्या बदलांवरच आहे, क्लेमच्या वेळी वाद नको.

आज गाडी कंपनीपेक्षा जेमतेम 15 मिलिमीटर खाली आहे. ताम्हिणीत आता डुलत नाही, ब्रेक मारून वळणात घातली की नाक पटकन आत येतं आणि मधे खड्डा आला तरी रेषा सोडत नाही. परवा एक मित्र गाडीभोवती दोन फेऱ्या मारून विचारतो, "बसवणार होतास ना? कधी बसवतोयस?"